बंगाली पदार्थ शिकायचेत? मग रसगुल्ल्यापासून सुरुवात करू नका

बंगाली मिठाई म्हटलं की आपल्याकडे सगळ्यात आधी रसगुल्ला आठवतो, आणि मग हौसेने कोणीतरी रविवारी सकाळी दूध फाडायला घेतं, दुपारपर्यंत पाकात नुसता चोथा तरंगत असतो, आणि "हे घरी होत नाही बाबा, डबाच आणावा" म्हणून विषय बंद होतो. होतं सगळं घरी, फक्त क्रम उलटा धरलेला असतो. रसगुल्ला शेवटी करायचा. आधी संदेश, मग मिष्टी दोई (गोड दही), मग पायेश, आणि तोपर्यंत हाताला छान्याचा, म्हणजे फाडलेल्या दुधाच्या मऊ ताज्या चोथ्याचा, अंदाज आला की रसगुल्ला. तिखटमिठाच्या जेवणाचंही तसंच आहे, डायरेक्ट मोहरीतला मासा करायला जाऊ नका, आधी चोलार डाळ (चणा डाळ) आणि आलू पोस्तो (खसखशीतला बटाटा) करा, तेल आणि फोडणी समजू दे. हा लेख त्याच क्रमाने लिहिलाय, ज्यांनी आजवर यातलं काहीच केलेलं नाही त्यांच्यासाठी.

आधी दूध आणि छाना

दूध गाईचं घ्या. पिशवीवर तसं स्पष्ट लिहिलेलं असतं, वाचून घ्या, कारण फुल क्रीम म्हणून जे मिळतं त्यात बहुतेक वेळा म्हशीचं दूध असतं आणि त्याचा छाना घट्ट, रवाळ होतो, मळून मळून हात दुखले तरी मऊ होत नाही. महिनोन्महिने टिकणारं टेट्रापॅकचं दूध तर यासाठी नकोच, त्याचा छाना नीट धरतच नाही.

१ लिटर दूध उकळी येईपर्यंत तापवा, गॅस बंद करा, २-३ मिनिटं थांबा. दोन टेबलस्पून लिंबाचा रस किंवा व्हिनेगर तेवढ्याच पाण्यात मिसळून ठेवलेलं असू दे, ते एकदम ओतायचं नाही, चमचा चमचा घालत हलक्या हाताने ढवळायचं. दूध फुटून हिरवट स्वच्छ पाणी वेगळं दिसलं की तिथेच थांबायचं, उरलेला रस घालायचा नाही, जास्त आंबटाने छाना कडक होतो. लगेच ग्लासभर गार पाणी किंवा बर्फाचे खडे टाका म्हणजे तो आपल्या उष्णतेत शिजत राहत नाही. मलमलच्या कापडात गाळा, वरून गार पाण्याने धुवा म्हणजे लिंबाचा वास जाईल, आणि पुरचुंडी अर्धा तास नळाला टांगून ठेवा. वजन ठेवून दाबायचं नाही, दाबलं की ते पनीर झालं. हाताने पिळल्यावर पाणी ठिबकत नाही पण बोटाला ओलावा लागतो, अशा वेळी काढायचं. १ लिटरचा साधारण १५० ते १८० ग्रॅम छाना निघतो.

तिकडचे कारागीर लिंबू वगैरे वापरत नाहीत, आदल्या दिवशीचं छान्याचं पाणी आंबवून ठेवतात आणि त्यानेच नवीन दूध फाडतात. तुम्हीही पहिल्या वेळचं पाणी रात्रभर बाहेर ठेवून दुसऱ्या दिवशी वापरू शकता, छाना जास्त मऊ येतो. नाहीतर कणीक मळायला किंवा आमटीत घाला, फेकू नका.

आता मळणं. परातीत छाना घ्या आणि मनगटाजवळची तळहाताची गादी असते ना, तिने थोडा थोडा पुढे घासत जा. सुरुवातीला हाताखाली रव्यासारखं खरखरीत लागेल, घासलेलं परत गोळा करायचं, परत घासायचं. ८-१० मिनिटांत खरखर जाते, गोळा परातीला चिकटायचं सोडतो आणि तळहात किंचित तुपकट होऊन चमकायला लागतो. तिथे थांबायचं. त्यापुढे मळत राहिलात तर तूप सुटतं आणि मिठाई कडक होते. मिक्सरमधून काढणारे लोक आहेत, संदेशला चालून जातं, रसगुल्ल्याला मी नाही म्हणेन.

संदेश: पहिला पदार्थ हाच

कारण यात बिघडायला फारसं काही नाही. वरच्या छान्याला ५०-६० ग्रॅम पिठीसाखर, नॉनस्टिक पॅन, गॅस एकदम बारीक. दोन्ही एकत्र करून ६-८ मिनिटं सतत हलवत राहायचं, मिश्रण आधी सैल होतं (साखर विरघळते म्हणून, घाबरू नका), मग हळूहळू कडा सोडायला लागतं. गोळा जमतोय पण अजून ओलसर दिसतोय असं वाटलं की लगेच उतरवायचं. "अजून थोडं आटू दे" ही आपली बर्फीवाली सवय इथे नडते, गार झाल्यावर भुगा होतो. चिमूटभर वेलची, हाताने गोल चपटं करून वर एखादा पिस्ता, झालं.

हा झाला नोरोम पाक, म्हणजे मऊ. थोडं जास्त आटवलं की कोरा पाक, घट्ट, तो लाकडी साच्यात दाबून शंख, मासा असे आकार काढतात आणि तो टिकतोही जास्त. जलभरा संदेश याच प्रकारातला, आत गुलाबपाणी घातलेला पातळ पाक भरलेला असतो, चावला की अंगावर सांडतो. हा चंदननगरचा, सूर्यकुमार मोदक यांच्या दुकानातला, आणि कथा अशी सांगतात की जमीनदाराच्या घरच्यांना जावयाची गंमत करायची होती म्हणून बनवून घेतला. आजही जमाईषष्ठीला, म्हणजे जावयाला जेवायला बोलावतात त्या दिवशी, याला मान असतो. खाताना पुढे वाकून खा, एवढंच सांगतो.

कोलकात्यात संदेश खायचा तर उत्तर कोलकात्यात हेदुआजवळचं गिरीशचंद्र दे आणि नकुडचंद्र नंदी यांचं दुकान, १८४४ पासूनचं. बऊबाजारचं भीमचंद्र नाग त्याहून जुनं, १८२६ चं, लेडिकेनी हा प्रकार तिथलाच म्हणून सांगितला जातो, व्हाइसरॉय कॅनिंगच्या बायकोचं नाव लावलेला, आपल्या गुलाबजामच्या भावकीतला. भवानीपूरला बलराम मल्लिक, १८८५ चं, तिथे चॉकलेट-आंबा असले नवे प्रकारही मिळतात. मला विचाराल तर पहिल्यांदा जाणाऱ्याने चॉकलेटवाला सोडून साधा कोरा पाक आणि नोलेन गुळाचा (हिवाळ्यातल्या खजुरी गुळाचा) नोरोम पाक एकेक घ्यावा आणि दोन्हींतला फरक जिभेवर समजून घ्यावा.

या संदेशावर एकदा सरकारी बंदी पण आलेली, खरंच. १९६५ मध्ये दुधाची टंचाई होती आणि मुख्यमंत्री प्रफुल्लचंद्र सेन यांच्या सरकारने छान्याच्या मिठाईवर बंदी घातली. लोक भडकले, प्रकरण कोर्टात गेलं आणि बंदी टिकली नाही. बंगाली माणसाशी गप्पा मारताना हा विषय काढून बघा, चहा गार होईल पण गोष्ट संपणार नाही.

मिष्टी दोई

याला कौशल्य कमी आणि पेशन्स जास्त लागतो. १ लिटर फुल क्रीम दूध (इथे म्हशीचं चालेल, उलट चांगलं) आटवून साधारण ७०० मिली करा. साखर एकूण १०० ते १२० ग्रॅम, त्यातली तीन चमचे बाजूला काढून कोरड्या पातेल्यात वितळू द्या, मधासारखी तांबूस झाली की गॅस बंद. काळपट होऊ देऊ नका, दही कडू होतं. आता त्यात दूध घालायचं ते गरमच, गार दूध घातलं तर साखरेचा दगड होतो आणि मग तो विरघळवत बसावं लागतं. उरलेली साखर पण याच दुधात.

मिश्रण कोमट होऊ द्या, बोट बुडवल्यावर सुखद वाटेल इतकं. दोन चमचे घट्ट दही फेटून विरजण लावा आणि मातीच्या भांड्यात ओता. मातीचं भांडं दिसायला छान म्हणून वापरत नाहीत, ते जास्तीचं पाणी शोषून घेतं आणि दही घट्ट लागतं. भांडं आधी तासभर पाण्यात भिजवून पुसून घ्या. झाकून, टॉवेलमध्ये गुंडाळून, बंद ओव्हनमध्ये किंवा डब्यात ६-८ तास ठेवा, आणि या वेळात झालं का झालं का म्हणून हलवून बघायचं नाही. मग फ्रिजमध्ये कमीत कमी ४ तास. कंडेन्स्ड मिल्क घालून वाफवतात तो प्रकार वेगळा, भापा दोई, तोही चांगला लागतो पण चव निराळी.

नोलेन गूळ आणि पायेश

हा सगळ्यात मोठा विषय आहे आणि इथे घाई करू नका. नोलेन गूळ म्हणजे हिवाळ्यातला ताजा खजुरी गूळ. झाड कुठलं, तर आपल्याकडची शिंदी. जिच्यापासून आपण नीरा आणि शिंदी काढली त्याच झाडाचा रस तिकडे आटवून गूळ करतात. रस काढणाऱ्याला शिऊली म्हणतात. तो झाडाच्या शेंड्याखाली साल तासतो, संध्याकाळी मडकं बांधतो आणि पहाटे, ऊन यायच्या आधी उतरवतो. रात्र जेवढी थंड तेवढा रस स्वच्छ आणि गोड, उन्हाने तापला की आंबायला लागतो, म्हणून सगळी धावपळ पहाटेची. त्यामुळेच हा गूळ नोव्हेंबरच्या शेवटापासून फेब्रुवारीपर्यंतच खरा, जूनमध्ये कोणी "फ्रेश नोलेन गूळ" विकत असेल तर पुढे चला.

दोन प्रकार येतात. झोला गूळ म्हणजे काकवीसारखा पातळ, पोळीशी किंवा पिठ्यांवर (तांदळाच्या पिठाच्या गोड पदार्थांवर) ओतून खायचा. पाटाली म्हणजे ढेप. विकत घेताना पाटाली हाताने मोडून बघा, चांगली असेल तर सहज मोडते, आत मऊसर असते आणि धुरकट खमंग वास येतो. दगडासारखी कडक आणि आत साखरेचे कण चमकतायत तर साखर ओतलेली आहे. नुसता वास भडक असेल तर इसेन्स. घरी आणल्यावर फ्रिजमध्ये ठेवा, पाटाली तुकडे करून फ्रीझरमध्ये ठेवली तर पुढेही वापरता येते.

पायेश म्हणजे तांदळाची खीर, पण बंगाल्यांच्या वाढदिवसाला केक नंतर येतो, आधी पायेश. १ लिटर दुधाला मूठभर, ५०-६० ग्रॅम तांदूळ पुरतो, यापेक्षा जास्त घातला तर दूधभात होईल. तांदूळ गोबिंदभोग, बारीक आणि सुवासिक, आपल्याकडे नाही मिळाला तर आंबेमोहर घ्या, बासमती नको. धुऊन, निथळून, चमचाभर तूप चोळून उकळत्या दुधात टाका, तेजपान घाला, मंद गॅसवर तांदूळ पूर्ण मऊ होईपर्यंत शिजवा. पूर्ण मऊ. गोड घातल्यावर तांदूळ पुढे शिजत नाही. मग गॅस बंद, १० मिनिटं थांबा, आणि १२०-१५० ग्रॅम गूळ चिरून किंवा थोड्या पाण्यात वितळवून घाला. उकळत्या दुधात गूळ घातला की दूध फाटण्याचे चान्स खूप. वेलची, केशर, जायफळ यातलं काहीही घालू नका. एवढा महाग गूळ आणून त्याचा वास वेलचीखाली दाबण्यात काय अर्थ आहे.

आणि हो, संक्रांत. आपण तिळगूळ करतो त्याच दिवशी तिकडे पौष संक्रांतीला घरोघरी पिठे-पुली असतात. पाटीशापटा म्हणजे मैदा-तांदूळपीठ-रव्याचं पातळ धिरडं आणि आत खोबरं-गुळाचं सारण. दूध पुलीत तांदळाच्या उकडीत तेच सारण भरून, करंजीसारखा लांबट आकार देऊन, आटवलेल्या दुधात शिजवतात आणि शेवटी नोलेन गूळ. ज्यांना उकडीचे मोदक जमतात त्यांनी हा पदार्थ डोळे झाकून करावा, उकड तीच, सारण तेच, हाताला सगळं येतंच आहे.

आता रसगुल्ला

बागबाजारच्या नवीनचंद्र दासांनी १८६८ मध्ये स्पंजसारखा रसगुल्ला बनवला असं बंगाल मानतो. ओडिशाचं म्हणणं वेगळं, पुरीच्या जगन्नाथ मंदिरात रथयात्रेच्या शेवटी लक्ष्मीला रसगोला देण्याची प्रथा आहे. भांडण जीआय टॅगपर्यंत (भौगोलिक मानांकनापर्यंत) गेलं, २०१७ मध्ये "बांग्लार रसगोल्ला"ला मिळाला आणि २०१९ मध्ये "ओडिशा रसगोला"ला पण मिळाला, म्हणजे दोघांचे दोन वेगळे टॅग. या वादात पाहुण्याने पडू नये. नवीनचंद्रांचे चिरंजीव कृष्णचंद्र म्हणजे के. सी. दास, डब्यातला रसगुल्ला त्यांच्याकडून आला आणि त्यामुळे तो देशभर पोचला.

कृती. वर सांगितलाय तसा १ लिटरचा छाना, ओलावा अगदी बरोबर, मळलेला. मैदा घालू नका, फार तर अर्धा चमचा बारीक रवा, तोही पहिल्या वेळी आधार म्हणून. १२-१४ लहान गोळे करा, मोठ्या सुपारीएवढे, शिजून जवळजवळ दुप्पट होतात. गोळ्यावर एकही चीर नको, चीर दिसली तर परत वळा.

पाक पातळ, हे सगळ्यात महत्त्वाचं. ३०० ग्रॅम साखरेला सव्वा लिटर पाणी, मोठं पसरट पातेलं. खळखळून उकळी आली की गोळे सोडा, झाकण ठेवा आणि गॅस मोठाच ठेवा, १५ मिनिटं. फेसाने गोळे वर उचलले जातात, तसंच व्हायला हवं. पाणी आटून पाक दाट झाला की गोळे चिवट होतात, म्हणून दर ४-५ मिनिटांनी कडेने अर्धी वाटी उकळतं पाणी सोडत राहा, गार पाणी नाही. झाला की नाही बघायला एक गोळा ग्लासभर पाण्यात टाका, बुडाला तर शिजला. मग पाकातच ४-५ तास.

बिघडला तर कारण शोधणं सोपं आहे. पाकात विरघळला, म्हणजे छान्यात पाणी राहिलं किंवा मळणं कमी पडलं. रबरासारखा झाला, म्हणजे छाना कोरडा होता किंवा दूध म्हशीचं. फुगला आणि बाहेर काढल्यावर बसला, तर शिजायला कमी वेळ दिलात.

घरी करायच्या भानगडीत पडू नका असे काही

काही गोष्टी त्या त्या गावातच खाव्यात. बर्धमानचे सीताभोग आणि मिहीदाना, सीताभोग लांबून पुलावच वाटतो, पांढरे भातासारखे दाणे आणि मधे छोटे गुलाबजाम, आणि मिहीदाना म्हणजे मोहरीएवढी बारीक बुंदी. १९०४ मध्ये लॉर्ड कर्झन बर्धमानला आला तेव्हा महाराजांनी खास करवून घेतले असं तिथे सांगतात. बर्धमानच्या अलीकडे हायवेवर शक्तिगड लागतं, तिथे दोन्ही बाजूंना नुसती लँगचाची दुकानं, लांबट काळपट तळलेला छाना पाकात मुरलेला, कोलकात्याहून शांतिनिकेतनला गाडीने जाणारे सगळे तिथे थांबतातच. कृष्णनगरची सरपुरिया, दुधाच्या सायीचे थर असतात. आणि जयनगरचा मोआ, कनकचूर नावाच्या धानाच्या लाह्या, नोलेन गूळ, तूप, वर मनुका. हा फक्त हिवाळ्यात आणि दोन-तीन दिवसांत संपवायचा. कोलकात्याच्या रस्त्यावर डब्यांवर "जयनगर" लिहून काय वाट्टेल ते विकतात, लाह्या चिवट लागल्या तर समजून जा.

जेवणाकडे वळू: आधी तेल, मग फोडणी

मोहरीचं तेल, कच्ची घाणी. याला पर्याय नाही, शेंगदाणा तेलात केलेलं आलू पोस्तो वाईट लागणार नाही पण ते बंगाली लागणार नाही. कढईत तेल धूर येईपर्यंत तापवा, रंग फिका होतो, मग गॅस कमी करून अर्धा मिनिट थांबा आणि फोडणी घाला. धूर येऊ दिला नाही तर कच्चा उग्रपणा राहतो आणि घरचे म्हणतात वास येतो. गंमत म्हणजे काही पदार्थांवर शेवटी हेच तेल मुद्दाम कच्चं सोडतात, तिथे तो झणका हवाच असतो.

पाँच फोरोन घरी करा, पाच गोष्टी समप्रमाणात: जिरे, बडीशेप, मेथी, कलौंजी म्हणजे कांद्याच्या बियांसारखं दिसणारं काळं बी, आणि रांधुनी. रांधुनी दिसायला ओव्यासारखी, आपल्याकडे सहज मिळत नाही, तिच्या जागी मोहरी घाला, तिकडेही अनेक घरांत तेच करतात. ओवा घालू नका, चव भलतीकडे जाते. मेथी थोडी कमी घेतली तरी चालेल. हे अख्खंच फोडणीला जातं.

पहिलं जेवण रविवारच्या नाश्त्याचं करा, लुची आणि चोलार डाळ. लुची म्हणजे मैद्याची पुरी, पाव किलो मैद्याला दोन चमचे तुपाचं मोहन, मऊ मळून अर्धा तास झाकून ठेवायची, आणि तळताना पांढरीच राहिली पाहिजे, तांबूस झाली की लुची नाही. डाळीला चणा डाळ शिजवायची पण दाणा दिसला पाहिजे, तुपात तेजपान, सुकी मिरची, जिरं, हिंग, किसलेलं आलं, ओल्या खोबऱ्याचे बारीक तुकडे लालसर परतून, मनुका, डाळ, हळद, मीठ आणि दीड-दोन चमचे साखर. साखर बघून नाक मुरडू नका, हे लुचीबरोबर खाऊन बघा मग बोला.

दुसरं आलू पोस्तो. पोस्तो म्हणजे खसखस. अर्धी वाटी खसखस कोमट पाण्यात तासभर भिजवून दोन हिरव्या मिरच्यांबरोबर अगदी कमी पाण्यात बारीक वाटा, पाटा-वरवंटा असेल तर उत्तमच. मोहरीच्या तेलात कलौंजी, बटाट्याचे चौकोनी तुकडे रंग न बदलू देता परतायचे, झाकून वाफेवर जवळजवळ शिजवायचे, मग वाटण, मीठ, चिमूटभर साखर, आणि कोरडसर होईपर्यंत परतायचं. हळद नाही, कांदा नाही, मसाला नाही. वरून चमचाभर कच्चं तेल. बांकुडा-बीरभूमकडे उन्हाळ्यात हे आणि बिऊलीर डाळ, म्हणजे उडदाची बडीशेप-आल्याची पातळ डाळ, आणि भात, एवढंच जेवण असतं आणि पुरतं. खसखस महाग झालीय ते वेगळं. आखातात राहणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा, तिकडच्या काही देशांत, यूएई (दुबई) धरून, खसखस नेणं कायद्याने गुन्हा आहे, बॅगेत चुकूनही टाकू नका.

तिसऱ्या वेळी मोहरीचं वाटण. काळी आणि पिवळी मोहरी अर्धी अर्धी, भिजवून, मीठ आणि हिरवी मिरची घालूनच वाटायची, नाहीतर कडवट होते, आणि मिक्सर सलग फिरवायचा नाही, थांबून थांबून. या वाटणात हळद, मीठ, मोहरीचं तेल आणि उभ्या चिरलेल्या मिरच्या घालून माशाच्या तुकड्यांना लावा, स्टीलच्या डब्यात बंद करून १५ मिनिटं वाफवा. हा भापा माछ. मासा इलिश असेल तर प्रश्नच नाही. इलिश म्हणजे आपल्याकडचा पाला, कोळणीला पाला म्हणूनच विचारा. काटे भयंकर असतात, बोलत बोलत खायचा मासा नव्हे. नवशिक्यांनी आधी रोहू किंवा कोळंबीवर हात बसवावा. इलिश की कोळंबी हा तिकडे फुटबॉलचाही प्रश्न आहे, ईस्ट बंगाल क्लबवाले इलिशचे आणि मोहन बागानवाले चिंगडीचे, म्हणजे कोळंबीचे.

ताटाचा क्रम

बंगाली जेवणात सगळं एकदम वाढून कालवत नाहीत. एकेक पदार्थ, प्रत्येक वेळी थोडा पांढरा भात. आधी कडू: शुक्तो, म्हणजे कारलं, कच्चं केळं, शेवग्याची शेंग, रताळं, वांगं, सांडग्यासारख्या डाळीच्या बोड्या, आणि शेवटी दूध घातलेला फिका रस्सा. हा दुपारचाच, रात्री नाही. मग डाळ आणि काहीतरी तळलेलं, वांग्याचे काप वगैरे. मग भाजी, मग मासा, मटण असेल तर त्यानंतर. मग चटणी-पापड, आणि ही चटणी गोड असते, टोमॅटो, खजूर आणि आंबापोळीचे तुकडे, ती तोंडी लावायला सुरुवातीलाच संपवू नका. सगळ्यात शेवटी दोई आणि मिठाई. पहिल्यांदा जेवायला गेलात तर डाळ-भातावर पोट भरू नका, मागून बरंच येणार असतं.

शाकाहारी लोकांनी मासे-मटणाच्या नावाने घाबरू नये, बंगाली निरामिष स्वयंपाक फार मोठा आहे. त्यामागचं एक कारण कडू आहे, पूर्वी हिंदू विधवांना, खास करून वरच्या जातींत, मासे, मटण, कांदा, लसूण, मसूर डाळसुद्धा बंद असायची, आणि त्या बायकांनी उरलेल्या चार गोष्टींतून हे पदार्थ उभे केले. भाज्यांच्या सालींची चोच्चोडी, केळफुलाचा घोंटो, चणा डाळीच्या वड्या तळून रश्श्यात सोडलेला धोकार डालना. या शेवटच्यापासून सुरुवात करा, भिजवलेली डाळ वाटून, हिंग-आलं घालून कढईत घट्ट परतायची, थापून वड्या पाडायच्या, आपल्या पाटवडीच्या जवळचंच काम आहे, मग तळून जिरं-आलं-टोमॅटोच्या रश्श्यात शेवटची ५ मिनिटं. वड्या रस्सा पितात, रस्सा जरा जास्तच ठेवा.

मटणवाल्यांसाठी कोशा मांग्शो, कांदा, दही, आलं-लसूण आणि मोहरीचं तेल घालून मंद गॅसवर दीड-दोन तास परतत शिजवायचं, पाणी अगदी नाइलाज झाला तरच. कुकरमध्ये होतं, पण रंग आणि चव येत नाही. श्यामबाजारच्या पाच रस्त्यांवरची गोलबाडी यासाठी प्रसिद्ध आहे.

कोलकात्याहून आणताना

संदेश शेवटच्या दिवशी घ्या, नोरोम पाक एक दिवस, कोरा पाक दोन-तीन दिवस, बस. मिष्टी दोई मडक्यातून विमानात नेऊ नका, केबिनमध्ये सिक्युरिटीवाले अडवतात आणि चेक-इन केली तर कपड्यांचं दही होतं. रसगुल्ला टिनचा घ्या आणि चेक-इन बॅगेत टाका. पाटाली गूळ, गोबिंदभोग, रांधुनी आणि कासुंदीची (आंबवलेल्या मोहरीच्या चटणीची) बाटली एवढं आणलंत तर मिठाईपेक्षा जास्त दिवस पुरेल.

जायला जमत नसेल तर नवरात्राची वाट बघा. मुंबईत दादरच्या शिवाजी पार्कसारख्या ठिकाणी आणि पुण्यातही दुर्गापूजेचे मंडप असतात, दुपारी भोग मिळतो, मूग डाळीची खिचुडी, लाबडा नावाची मिक्स भाजी, टोमॅटोची चटणी, पायेश, सगळं बिनकांदा-लसणाचं. अष्टमीला गर्दी फार, षष्ठी किंवा सप्तमीला जा आणि भोग किती वाजता वाढतात ते आदल्या दिवशी विचारून ठेवा, उशीर झाला तर खिचुडी मिळते पण पायेश संपलेलं असतं.